जेटीवरची दर-तडजोड सेवा : खेकड्याच्या एका मोसमाचा अनुभव

गोव्यातल्या शापोरा नदीच्या मुखाशी माल उतरवणाऱ्या चार फायबर होड्यांचा हिशेब गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. त्यांतल्या दोन होड्या माझ्या मामेभावाच्या आणि दोन शेजारच्या वाड्यावरच्या. चारही होड्या मुख्यतः समुद्री कुर्ली, म्हणजे खेकडे, धरतात. पाठीवर तीन ठिपके असलेली आणि निळसर, अशा दोन जातींवर आमचा मोसम चालतो. खाडीच्या चिखलातली मोठी कुर्ली कधी हाती लागलीच, तर हॉटेलवाले ती जिवंतच उचलून नेतात. तिच्या दरावरून आमचे कधी भांडण झालेले नाही. भांडण होते ते मांस काढून डबाबंद करणाऱ्या प्रक्रिया कारखान्याशी, कारण आमच्या मालाचा मोठा वाटा तिकडे जातो. हे तंटे मिटवण्यासाठी गेल्या ऑक्टोबरात आम्ही एका खासगी तडजोड सेवेचे वर्गणीदार झालो. हा अभिप्राय त्या सेवेविषयी आहे. पुढे काही कडू लिहावे लागणार असल्यामुळे सेवेचे आणि कारखान्याचे नाव मी देत नाही.

सेवा चालवणारी माणसे तिघे : एक निवृत्त बँक अधिकारी, एक वकीलबाई आणि पूर्वी मासळी प्रक्रियेत प्रतवारीचे काम केलेले एक गृहस्थ. उतरलेल्या मालावर किलोमागे दोन रुपये शुल्क असते आणि ते दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे भरायचे असते. तंटा उभा राहिला, तर प्रत्येक बाजूकडून दीड हजार रुपये वेगळे घेतात. त्या बदल्यात जेटीवर वजन, प्रतवारीची नोंद, वाद झाल्यास नमुना-तपासणी आणि मोसमाचा मूळ दर ठरवण्यासाठी बैठक, एवढे मिळते.

आम्ही त्यांच्याकडे गेलो ते ११ ऑक्टोबरच्या मालावरून. त्या पहाटे १८४ किलो ६०० ग्रॅम माल उतरला होता आणि दर फोनवर २६० रुपये ठरला होता. हिशेबाने ४७,९९६ रुपये यायला हवे होते. दोन दिवसांनी कारखान्याची पावती आली, तीत वजन १७१ किलो होते. पाण्याची तूट म्हणून तेरा किलोंच्या वर आधीच कापलेले, उरलेल्यांपैकी ३८ किलो ‘पोकळ’ ठरवून १४० रुपयांनी लावलेले, आणि बाकीच्या १३३ किलोंचा दर परस्पर २३५ वर आणलेला. हातात पडले ३६,५७५. जेटीवर सगळे याला ‘दराचे भांडण’ म्हणत होते. पावती उलगडून पाहिली, तर ११,४२१ रुपयांच्या तफावतीत दर हा तिसरा भाग होता. पहिले दोन भाग वजनाचे आणि प्रतवारीचे होते, आणि ते आमच्या पाठीमागे ठरले होते.

खेकड्याच्या बाबतीत ही प्रतवारी बांगड्यासारखी सरळ नसते. बांगडा डोळ्यांना दिसतो तसाच आत असतो. कुर्ली वाढते ती कवच टाकून. कवच टाकल्यावर अंगात पाणी ओढून घेऊन ती फुगते आणि नवे कवच कडक झाले, तरी आतले मांस भरायला वेळ लागतो. या अवस्थेतली कुर्ली आकाराने मोठी, वजनाला बरी आणि आतून रिकामी असते. आमचे लोक पोटाकडची बाजू आणि पायाचा जाड भाग अंगठ्याने दाबून पाहतात. दबला तर पोकळ. अमावस्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, हे तर किनाऱ्यावर कोणीही सांगेल. या समजुतीची मी बाजू घेत नाही, ती खोटी म्हणण्याचे धाडसही करत नाही. सेवेच्या नियमपत्रात तिथीला जागा नाही, एवढे मात्र बरे आहे. सांगायचे इतकेच की प्रक्रिया करणारा विकत घेतो ते मांस आणि आम्ही विकतो ते कवचासकट वजन. या दोहोंमधला फरक कोणाच्या अंगठ्याने ठरवायचा, यावर वर्षानुवर्षे भांडणे चालतात.

ऑक्टोबरच्या त्या प्रकरणात सेवेने आम्हाला पहिल्याच भेटीत नकार दिला, आणि त्यांच्याविषयीचा माझा विश्वास तिथेच बसला. वकीलबाईंनी पावती पाहिली, आमची वही पाहिली आणि सांगितले की माल आता उरलेला नाही, नमुना ठेवलेला नाही, फोनवरच्या दराला लेखी आधार नाही. अशा स्थितीत आम्ही शुल्क घेऊन तुम्हाला फार तर एक गोड पत्र लिहून देऊ. त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या खेपेपासून जेटीवरच पावती करायची असेल, तर या, असे म्हणाल्या. कारखान्याने या व्यवस्थेला होकार दिला, कारण त्याच आठवड्यात आमच्या दोन होड्यांनी माल पणजीजवळच्या मालीम जेटीवरच्या लिलावात नेऊन दाखवला होता. पर्याय हाताशी नसता, तर कारखान्याचा खरेदी अधिकारी त्या टेबलावर येऊन बसला असता, असे मला वाटत नाही.

वजनाची बाजू या सेवेने उत्तम सांभाळली आहे. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे आणि तो कोणीही वाकून पाहू शकेल अशा ठिकाणी आहे. क्रेट आधी रिकामा तोलतात, माल दहा मिनिटे जाळीवर निथळू देतात आणि मगच वजन घेतात, त्यामुळे पाण्याच्या तुटीचा प्रश्न तिथल्या तिथे संपतो. डेंगे, म्हणजे पुढच्या नांग्या, तुटलेल्या कुर्ल्या वेगळ्या क्रेटमध्ये जातात आणि त्यांचा दर आधीच लिहिलेला असतो. पावतीच्या तीन प्रती निघतात. सुरुवातीला पावती फक्त इंग्रजीत होती आणि ज्याच्या घामाचा माल, त्यालाच ती वाचता येत नव्हती; तीनदा सांगितल्यावर नोव्हेंबरच्या मध्यापासून देवनागरीतली मिळू लागली. ‘ग्रेड’ऐवजी ‘प्रत’ लिहावे, की लोक म्हणतात तेच ग्रेड ठेवावे, यावरही थोडी चर्चा झाली. शेवटी ‘भरलेली’, ‘मध्यम’ आणि ‘पोकळ’ असे तीन रकाने पडले, आणि तेच बरोबर होते.

नमुना-तपासणीचा दिवस मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात २१२ किलो माल उतरला. खरेदी अधिकाऱ्याने दोन-चार कुर्ल्या दाबल्या आणि ७० किलो पोकळ धरायला सांगितले. मामेभावाने त्याच क्रेटमधून चार उचलून दाबल्या, त्या चारही घट्ट निघाल्या. दोघेही खरे बोलत होते, फक्त दोघांनी हात वेगवेगळ्या थरात घातला होता. मग प्रतवारीचे गृहस्थ उठले. त्यांनी सर्व क्रेटांना क्रमांक दिले, प्रत्येक क्रेटच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या थरातून कुर्ल्या काढून बरोबर पाच किलोंचा नमुना केला, आणि तो शेडमधल्या गॅसवर मोठ्या टोपात पंधरा मिनिटे उकळला. बर्फाच्या पाण्यात गार केल्यावर मांस काढायला दोन बायका बसल्या, एक आमच्या वाड्यावरची आणि एक कारखान्यात पूर्वी काम केलेली. मागच्या वल्ह्यासारख्या पायांच्या मुळाशी मांसाचा जो मोठा गोळा असतो आणि निर्यातीत ज्याला सर्वांत जास्त भाव येतो, तो अख्खा काढण्यात कारखान्यातल्या बाईचा हात विलक्षण होता. आमची बाई पायांच्या नळ्यांतूनही धागा न धागा काढत होती, आणि खरेदी अधिकारी घड्याळ पाहत होता. पाऊण तासाने ताटलीचे वजन वजा करून काट्यावर आकडा आला : १ किलो १६० ग्रॅम, म्हणजे २३.२ टक्के.

नियमपत्रात सूत्र आधीच लिहिलेले होते. २५ टक्के मांस निघाले, तर २६० रुपये आणि त्यापुढे किंवा त्याखाली प्रत्येक टक्क्याला १० रुपयांची चढउतार. त्या दिवशीचा दर २४२ झाला आणि मालाचे ५१,३०४ रुपये ठरले. अधिकाऱ्याच्या पहिल्या मागणीप्रमाणे ही रक्कम ४६,७२० झाली असती. कोणीही आवाज चढवला नाही. आवाज चढला तो नंतर, उकळलेल्या पाच किलोंचे पैसे कोणी सोसायचे यावर, कारण उघड्या शेडमध्ये काढलेले मांस निर्यातीच्या कारखान्यात नेता येत नाही आणि नियमपत्रात याविषयी एक ओळही नव्हती. अखेर त्यांची किंमत निम्मी-निम्मी वाटून घेण्यात आली आणि मांस सेवेच्या कारकुनाच्या घरी गेले. त्याच्याकडे त्या रात्री पाहुणे होते, असे दुसऱ्या दिवशी कळले. नमुन्याचा आमचा वाटा, तंट्याचे दीड हजार आणि किलोमागचे शुल्क वजा जाता आमच्या पदरात जास्तीचे २,२६७ रुपये पडले. रक्कम मोठी नाही, पण त्यानंतरच्या सात खेपांत कोणी कुर्ली पोकळ असल्याचे तोंडी सांगितले नाही. ‘टोप लावू का’ एवढे विचारले, की विषय मिटतो. सात खेपांत टोप एकदाच लागला.

मोसमाच्या मूळ दराची बैठक हा सेवेचा दुसरा भाग आहे आणि त्याविषयी माझे मत मिश्र आहे. जानेवारीत आम्ही २९० मागत होतो आणि कारखाना २३५ वर बसला होता. अशा वेळी मध्यस्थ बहुधा मधला आकडा काढतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०१६च्या डिसेंबरअखेर डंजनेस खेकड्याचा दर पौंडाला ३ डॉलरवरून २.७५ वर आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा होड्या सुमारे अकरा दिवस बंदरात राहिल्या आणि शेवटी तोड निघाली ती २.८७५ वर, म्हणजे बरोबर मध्यावर. मध्यावर तोडायचे हे दोघांना ठाऊक असेल, तर पुढच्या वर्षी प्रत्येक जण आपला आकडा आणखी ताणून सांगणार, हे उघड आहे. ओरेगॉन राज्यात यासाठी राज्याच्या कृषी खात्याच्या देखरेखीखाली मच्छीमार आणि प्रक्रियादार एकत्र बसतात. खरेदीदारांनी आपापसात दर ठरवणे तिथल्या स्पर्धाविषयक कायद्यात बसत नाही. सरकारी देखरेखीमुळे त्या वाटाघाटीला संरक्षण मिळते.

आमच्या सेवेने मात्र कॅनडातील न्यूफाउंडलंडची पद्धत उचलली आहे. तिथे २००६ पासून मासळीचे किमान दर ठरवणारे एक कायदेशीर मंडळ आहे. मच्छीमारांची संघटना आणि प्रक्रियादारांची संघटना यांचे एकमत झाले नाही, तर दोघांनी आपापला शेवटचा आकडा द्यायचा आणि मंडळाने त्यांतला एकच निवडायचा. मध्ये कुठे थांबण्याची मुभा मंडळाला नसते. ताणलेला आकडा दिला, तर समोरच्याचा आकडा निवडला जाईल, या भीतीने दोघेही मध्याकडे सरकतात. आमच्याही बैठकीत तसेच झाले. बंद पाकिटे उघडली तेव्हा आमचा आकडा २६५ आणि कारखान्याचा २५० निघाला. ५५ रुपयांची दरी १५ वर आली होती. तिघांनी त्या पंधरवड्यातील अन्य जेटींवरचे लिलावाचे दर समोर ठेवले आणि २५० निवडले. आम्ही हरलो. तरी तो निर्णय मला अन्यायाचा वाटला नाही, कारण कारणे लिहून दिली होती आणि ती पडताळता येत होती.

पण ही पद्धत सर्व हवामानांत टिकते, असे कोणी समजू नये. न्यूफाउंडलंडमध्येच २०२२च्या मोसमारंभी बर्फाळ पाण्यातल्या खेकड्याचा दर पौंडाला ७.६० कॅनेडियन डॉलर होता. पुढच्या वर्षी बाजार कोसळला आणि मंडळाने प्रक्रियादारांचा २.२० हा आकडा निवडला. निवड नियमाप्रमाणे होती, तरी होड्या सुमारे सहा आठवडे समुद्रात गेल्या नाहीत. २०२४च्या मार्चमध्ये तर मच्छीमारांनी प्रांताच्या विधिमंडळासमोर असा ठिय्या दिला की अर्थसंकल्प पुढे ढकलावा लागला. प्रांताबाहेरच्या खरेदीदारांनाही माल विकू द्या, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. त्यानंतर दर बाजारभावाशी जोडणारे सूत्र पुढे आले. दोन पाकिटांतून एक निवडताना दोन्ही आकडे खर्च भरून निघेल इतके तरी असावे लागतात. तसे नसेल, तर निवाडा कितीही नेटका असो, डिझेल जाळून कोणी जाळे टाकायला जात नाही. आमच्याकडे मालीमचा लिलाव आणि मडगावची घाऊक मंडई आहे, म्हणून २५० पचले.

इथूनच माझी पहिली मोठी तक्रार सुरू होते. कारखान्याच्या बाजूने मुख्य युक्तिवाद असा होता की ऑगस्ट २०२५च्या अखेरीस अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेल्यामुळे तिकडचा खरेदीदार दर पाडून मागतो. शुल्क वाढले, ही गोष्ट खरी आहे आणि त्याचा भार कोणावर तरी पडणार, हेही खरे. तो भार किती आणि आमच्या वाट्याला त्यातला किती, हे सांगणारा एकही कागद टेबलावर आला नाही. तिघांपैकी कोणी निर्यातीचे बीजक मागितले नाही. खरेदी अधिकाऱ्याच्या तोंडचे वाक्य टिपणात जसेच्या तसे उतरले. मच्छीमाराने डिझेलची पावती दाखवायची आणि प्रक्रियादाराने केवळ परिस्थिती सांगायची, हा एकाच टेबलावरचा दुजाभाव झाला. मी लेखी हरकत घेतली. ‘व्यापारी गुपित’ असे उत्तर मिळाले. ग्राहकाचे नाव झाकून फक्त दर आणि तारीख दाखवता येते, हे मी पुन्हा लिहिले आहे. त्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही.

दुसरी तक्रार उचलीची. आमच्या चारपैकी एका होडीच्या मालकाने पावसाळी बंदीच्या ६१ दिवसांत, म्हणजे जून-जुलैमध्ये, इंजिनाच्या दुरुस्तीसाठी कारखान्याकडून आगाऊ रक्कम उचलली होती. तिची परतफेड होईपर्यंत माल दुसरीकडे द्यायचा नाही, असा तोंडी करार. हा माणूस प्रत्येक बैठकीला येऊन बसत असे आणि एक शब्दही बोलत नसे. पाकिटातला आकडा ठरवताना आम्ही त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, “तुम्ही ठरवा भाऊ, माझा दर जूनमध्येच ठरला.” सेवेच्या नियमपत्रात उचलीचा उल्लेख नाही. किनाऱ्यावरच्या निम्म्या दरतंट्यांचे मूळ त्यात आहे, असे मी हिशेबनीस म्हणून म्हणेन, आणि उचलीची रक्कम, तिची फेड व माल देण्याचे बंधन पहिल्याच दिवशी लेखी नोंदवून घेणे या तिघांना अवघड नव्हते.

बाकीच्या उणिवा भराभर सांगतो. होड्या पहाटे पाचला लागतात आणि सेवेचा माणूस सहाच्या आधी क्वचितच येतो. तोवर बर्फावर पडलेल्या मालाचे वजन उतरते आणि उन्हाळ्यात ते आणखी उतरेल. रविवारी सेवा बंद असते, मासळी मात्र रविवारीही जाळ्यात येते. प्रतवारीचे गृहस्थ पूर्वी याच धंद्यात प्रक्रियेच्या बाजूला नोकरीला होते. त्यांच्या कामात मला पक्षपात दिसला नाही, उलट टोप लावण्याची कल्पना त्यांचीच; पण ही माहिती वर्गणी घेताना सांगायला हवी होती, आम्हाला ती चहाच्या गाड्यावर कळली. तडजोडीच्या कागदाला पुढे बळ काय, हा प्रश्न वकीलबाईंना विचारला, तेव्हा त्यांनी सरळ सांगितले की हा दोन पक्षांमधला करार आहे, कोणी तो मोडला तर वसुलीसाठी न्यायालयात जावे लागेल; मोठी रक्कम असेल तर दोघांच्या संमतीने प्रकरण दाव्याआधीच लोक अदालतीपुढे ठेवता येते आणि १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ येते. ही वाट त्यांनी स्वतःहून नियमपत्रात छापली असती, तर बरे झाले असते.

ज्यांचा माल आठवड्याला शंभर किलोंच्या आत आहे आणि जो म्हापशाच्या बाजारातच खपतो, त्यांनी या सेवेच्या वाटेला जाऊ नये. तंट्याचे दीड हजार त्यांना परवडणार नाहीत. कारखान्याला नियमित माल देणाऱ्या तीन-चार होड्यांनी एकत्र येऊन वर्गणी भरली, तर वजन आणि नमुना-तपासणी या दोन गोष्टींसाठी ती पुरेपूर वसूल होते. आमच्या चारही होड्यांनी मेअखेरपर्यंत एवढ्याच भागाचे नूतनीकरण केले आहे. मूळ दराच्या बैठकीचे शुल्क आम्ही भरलेले नाही. निर्यातीच्या बीजकाची आणि उचलीच्या नोंदीची अशी दोन कलमे नियमपत्रात आल्यावर भरू, असे बँकवाल्या गृहस्थांना कळवले आहे. त्यांनी मसुदा मागितला, तो मी मराठीत लिहून दिला. उकळलेल्या नमुन्याचे पैसे कोणी द्यायचे, हे तिसरे कलम त्यात त्यांनी स्वतःच्या हाताने जोडले.